अंगठी कोणी नष्ट केली?

जे. आर. आर. टॉल्किन ह्यांचे जीवन आणि साहित्य : एक चिंतन

अद्भुतरम्य साहित्याविषयी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत साधारणपणे दोन मते आढळतात. जादूगार, पिशाच्चे, मंतरलेल्या अंगठ्या आणि बोलणारे वृक्ष ह्यांनी भरलेली पुस्तके मुलांच्या श्रद्धेला बाधक ठरतील, अशी भीती काही भाविक पालकांना वाटते. इतर अनेकांना ती निव्वळ करमणूक वाटते. सुटीत वाचावीत आणि शाळा उघडली की विसरून जावीत. ह्या दोन्ही मतांना आपल्या लेखनाने उत्तर देणारा एक लेखक विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. तो निष्ठावंत कॅथॉलिक होता, विद्यापीठात प्राध्यापक होता, चार मुलांचा पिता होता. आणि त्याच्या ग्रंथांत बुटकी माणसे, अमर यक्ष, मांत्रिक व आग ओकणारे ड्रॅगन ह्यांची नुसती गर्दी आहे. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन हे त्याचे नाव.

टॉल्किन ह्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या महाकादंबरीवर पीटर जॅक्सन ह्यांनी दिग्दर्शित केलेले तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली प्रदर्शित झाले. त्यांपैकी तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. तेव्हापासून फ्रोडो आणि गँडाल्फ ही नावे आपल्या तरुणांच्या तोंडी आहेत. पडद्यावर साहजिकच लढायांना मोठे स्थान मिळाले. मूळ ग्रंथ सावकाश वाचणाऱ्याला मात्र एक निराळाच प्रश्न अडवतो : ती अंगठी अखेर नष्ट केली कोणी? वरवर सोप्या दिसणाऱ्या ह्या प्रश्नाच्या उत्तरात टॉल्किन ह्यांच्या जीवनाचे आणि साहित्याचे मर्म दडले आहे, असे आमचे मत आहे. तेच मत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टॉल्किन ह्यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथील बँकेत व्यवस्थापक होते. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली असताना १८९६ च्या फेब्रुवारीत वडिलांचे आफ्रिकेतच निधन झाले. ही तरुण विधवा बर्मिंगहॅमच्या परिसरात तुटपुंज्या उत्पन्नावर संसार चालवू लागली. १९०० साली तिने कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. तिचे माहेर व सासर दोन्हीही प्रॉटेस्टंट. नातलगांचा रोष झाला आणि तिला मिळणारी आर्थिक मदत बंद झाली. तरीही मेबल मागे फिरली नाही. मुलांना तिने स्वतः लॅटिन शिकविले, चित्रे काढायला शिकविले, प्रार्थना शिकविली. पुढे तिला मधुमेहाने गाठले. इन्शुलिनचा शोध लागायला अद्याप १७ वर्षे अवकाश होता. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, तिने देह ठेवला. थोरला मुलगा तेव्हा १२ वर्षांचा होता. आपल्या आईने श्रद्धेपायी प्राण वेचले, ती एक प्रकारे रक्तसाक्षीच होय, ही भावना टॉल्किन ह्यांनी आयुष्यभर उराशी जपली.

मृत्यूपूर्वी मेबलने मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्यांच्याकडे सोपविले होते. ही ऑरेटरी म्हणजे कार्डिनल न्यूमन ह्यांनी स्थापन केलेली धर्मगुरूंची संस्था. (ह्याच न्यूमन ह्यांना २०१९ साली संतपद बहाल करण्यात आले.) फादर मॉर्गन ह्यांनी मुलांना अनाथपण जाणवू दिले नाही. मेबलने मागे ठेवलेली पुंजी अपुरी होती. तिच्यात ते स्वतःच्या खासगी उत्पन्नातून गुपचूप भर घालीत. दोघे भाऊ सकाळी त्यांच्या मिस्साबलिदानाला वेदीसेवा करीत आणि मग शाळेला जात.

परंतु ह्याच फादरांनी एक कठोर निर्णयही घेतला. टॉल्किन १६ वर्षांचे असताना एडिथ ब्रॅट ह्या १९ वर्षांच्या अनाथ मुलीशी त्यांची ओळख झाली आणि ओळखीचे रूपांतर प्रेमात झाले. अभ्यासाची हानी होत असल्याचे पाहून फादर मॉर्गन ह्यांनी मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत भेटीगाठी आणि पत्रव्यवहार ह्यांवर बंदी घातली. आजच्या पालकांना, आणि आम्हां धर्मगुरूंनाही, हा निर्णय अति कडक वाटेल. टॉल्किन ह्यांनी तो पाळला. २१ वे वर्ष लागले त्याच रात्री त्यांनी एडिथला पत्र लिहिले. तिचा वाङ्‍निश्चय दुसऱ्याशी झाला होता. तो मोडून ती परतली, १९१४ साली कॅथॉलिक झाली आणि २२ मार्च १९१६ रोजी उभयतांचा विवाह झाला. ज्या वडीलधाऱ्या माणसाने ऐन तारुण्यातील वर्षे अशी हिरावून घेतली, त्याच्याविषयी मनात अढी राहिली असती तर नवल नव्हते. पण १९६५ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात टॉल्किन सांगतात की, प्रीती आणि क्षमा ह्यांचा पहिला धडा आपण फादर फ्रान्सिस ह्यांच्याकडून घेतला. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढील विवेचनात ते उपयोगी पडणार आहे.

विवाहानंतर अवघ्या काही आठवड्यांत टॉल्किन ह्यांना पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला जावे लागले. १ जुलै १९१६ रोजी सुरू झालेल्या सोमच्या लढाईत पहिल्याच दिवशी सुमारे १९,००० ब्रिटिश सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांत टॉल्किन ह्यांचा शाळासोबती रॉब गिल्सन होता. डिसेंबरात जी. बी. स्मिथ हा दुसरा मित्र गेला. टॉल्किन स्वतः 'ट्रेंच फीव्हर' ह्या खंदकांतील तापाने अंथरुणाला खिळून नोव्हेंबरात मायदेशी परतले. त्या काळात त्यांनी ज्या पुराकथा लिहावयास घेतल्या, त्यांची जुळणी ते मरेपर्यंत करीत राहिले. त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर ह्यांनी त्या संपादित करून १९७७ साली 'द सिल्मॅरिलियन' ह्या नावाने प्रसिद्ध केल्या.

पुढील आयुष्य बाह्यतः शांत गेले. १९२५ ते १९५९ अशी ३४ वर्षे ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. आधी प्राचीन इंग्रजीचे, नंतर इंग्रजी भाषा व साहित्याचे. भाषा हे त्यांचे वेड होते. त्यांनी स्वतःच्या भाषा निर्माण केल्या, त्यांचे व्याकरण रचले आणि त्या भाषा बोलणारे लोक हवेत म्हणून कथा रचल्या. आपल्या ह्या काल्पनिक भाषेत त्यांनी प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया ह्यांचेही अनुवाद केले होते. थोरला मुलगा जॉन १९४६ साली धर्मगुरू झाला. बायबलच्या 'जेरुसलेम बायबल' ह्या १९६६ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादात योना संदेष्ट्याच्या पुस्तकासाठी टॉल्किन ह्यांनी काम केले. लॅटिनवर त्यांचे इतके प्रेम होते की, व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा इंग्रजीतून होऊ लागली तरी हे वृद्ध गृहस्थ प्रतिसाद मोठ्या आवाजात लॅटिनमधूनच देत, अशी आठवण त्यांच्या नातवाने सांगितली आहे. असले हट्टी आजोबा आपल्याही धर्मग्रामांत आहेत, आणि त्यांच्यामुळे चर्चची शोभा वाढतेच.

त्यांच्या मैत्रीची एक कथा सांगणे आवश्यक आहे. सी. एस. लुईस हे त्यांचे सहकारी देवाचे अस्तित्व मान्य करू लागले होते, परंतु ख्रिस्त त्यांना स्वीकारता येत नव्हता. १९३१ च्या सप्टेंबरातील एका रात्री टॉल्किन, लुईस आणि ह्यूगो डायसन हे तिघे मॉडलिन कॉलेजच्या आवारात फिरत पहाटेपर्यंत बोलत राहिले. टॉल्किन ह्यांचा युक्तिवाद असा होता : मानवाच्या पुराकथा म्हणजे सुंदर असत्ये नव्हेत, त्यांत सत्याचे विखुरलेले किरण असतात. ख्रिस्ताची कथा हीदेखील पुराकथाच, मात्र ती प्रत्यक्ष घडलेली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ताकडे वळले.

हाच विचार टॉल्किन ह्यांनी परीकथांवरील आपल्या व्याख्यानात मांडला. हे व्याख्यान १९३९ साली दिले गेले आणि निबंधरूपाने १९४७ साली छापले गेले. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असल्यामुळे तोही निर्माण करतो. त्याची निर्मिती ही देवाच्या निर्मितीखालची 'उपनिर्मिती' होय. आणि चांगल्या परीकथेची खूण कोणती? सर्व काही हरपले असे वाटत असतानाच अचानक, अनपेक्षितपणे, कथेला शुभ कलाटणी मिळते आणि वाचकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतात. ह्या कलाटणीसाठी त्यांनी 'युकॅटॅस्ट्रफी' असा नवा शब्द घडविला. ख्रिस्ताचा जन्म ही मानवी इतिहासाची शुभ कलाटणी आणि पुनरुत्थान ही त्याच्या देहधारणाच्या कथेची शुभ कलाटणी, असे ते म्हणतात. परीकथेला बालिश समजणाऱ्यांनी हा निबंध अवश्य वाचावा.

आता ग्रंथाकडे वळू. 'द हॉबिट' १९३७ साली प्रसिद्ध झाला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिण्यास सुमारे १२ वर्षे लागली आणि तो १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे : साउरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने इतरांवर हुकमत गाजविण्यासाठी एक अंगठी घडविली. ती हरवली आणि कालांतराने शायर नावाच्या शांत मुलखातील फ्रोडो ह्या हॉबिटाकडे आली. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीभाती, खाणेपिणे व घरदार ह्यांत रमणारे साधे लोक. जो ही अंगठी वापरतो तो हळूहळू तिचा गुलाम होतो. चांगल्या हेतूने वापरणाराही सुटत नाही. म्हणून ती वापरायची नाही, तर शत्रूच्याच मॉर्डोर देशातील ज्वालामुखीत नेऊन टाकायची, असे ठरते. हे काम राजे वा योद्धे ह्यांच्याकडे न जाता फ्रोडोकडे येते. त्याच्यासोबत निघतो त्याचा माळी सॅम. आणि त्यांच्या मागावर असतो गॉलम, एके काळी त्यांच्यासारखाच असलेला परंतु अंगठीच्या हव्यासाने पोखरून गेलेला एक दीनवाणा जीव.

'द हॉबिट'मध्ये फ्रोडोच्या आप्ताला, बिल्बोला, ही अंगठी गॉलमच्या अंधाऱ्या गुहेत सापडते. बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे, गॉलम वाट अडवून बसला आहे. एक वार पुरेसा होता. त्या क्षणी बिल्बोला गॉलमच्या एकाकी, अंधारात कुजलेल्या आयुष्याची कल्पना येते, त्याचे मन द्रवते आणि तो वार न करता उडी मारून निसटतो. मात्र १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हताच! तेथे गॉलम पैज हरल्यावर मुकाट्याने बिल्बोला बाहेरची वाट दाखवितो. मोठा ग्रंथ लिहिता लिहिता अंगठीचे खरे स्वरूप उलगडत गेले, तेव्हा टॉल्किन ह्यांनी मागे जाऊन ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते छापले गेले. आपल्या भव्य इमारतीच्या पायात दयेचा दगड हवा, हे जाणून लेखकाने पाया पुन्हा खणला असेच म्हणावे लागेल.

महाग्रंथाच्या आरंभीच फ्रोडो वैतागून म्हणतो की बिल्बोने त्या गॉलमला तेव्हाच ठार करायला हवे होते. गँडाल्फ त्याला सांगतो की, मरणाचा निवाडा करण्याची घाई करू नये. मेलेल्या सज्जनांना तुला जीवन परत देता येते काय? आणि बिल्बोची ती दयाच कदाचित अनेकांचे भवितव्य ठरवील. फ्रोडोला हे पटत नाही. पुढे प्रत्यक्ष गॉलम समोर येतो, त्याची दशा डोळ्यांनी दिसते, तेव्हा मात्र फ्रोडोही त्याला जीवदान देतो. दया उपदेशाने शिकविता येत नाही, ती भेटीतून जन्मते, हे टॉल्किन ह्यांनी येथे किती सहजपणे दाखविले आहे!

त्यानंतर येतो तो जिन्यावरचा प्रसंग. फ्रोडो आणि सॅम थकून झोपले आहेत. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे पाहतो, त्याचा चेहरा बदलतो; तो थरथरत्या हाताने फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. पश्चात्ताप एका पावलावर आहे. इतक्यात सॅम जागा होतो आणि त्याला चोरटा ठरवून खेकसतो. तो क्षण हातचा जातो, कायमचा. टॉल्किन ह्यांनी एका पत्रात ह्या प्रसंगाला बहुधा कथेतील सर्वांत करुण क्षण मानले आहे. सॅम तर निष्ठेचा पुतळा. त्याचा हेतू शुद्ध आहे. तरीही सज्जनाचा एक कठोर शब्द एका आत्म्याची परतीची वाट बंद करतो. पापनिवेदनाला कित्येक वर्षांनी येणाऱ्या माणसाला चर्चच्या दारात भेटणारा पहिला शब्द कोणता असावा, ह्याचा विचार आम्हां धर्मगुरूंनी हा प्रसंग वाचून करावा. बहुधा तो पहिला शब्द घरच्या माणसांचा असतो; म्हणून तो विचार कुटुंबांनीही करावा.

शेवटी फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचतो. सारी वाट त्याने प्राणपणाने काढली आहे. आणि तेथे, अगदी शेवटच्या पायरीवर, तो हरतो. अंगठी टाकण्यास तो नकार देतो, ती आपली म्हणून घोषित करतो. गॉलम झडप घालतो, फ्रोडोच्या बोटासकट अंगठी दातांनी तोडतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन अंगठीसह आगीत कोसळतो. अंगठी नष्ट होते.

तर मग अंगठी नष्ट केली कोणी? फ्रोडोने नाही, त्याची इच्छाशक्ती मोडली होती. गॉलमने नाही, त्याला ती हवी होती. बिल्बोने, फ्रोडोने आणि शेवटी पर्वताच्या उतारावर सॅमनेही गॉलमला मारले नाही, म्हणूनच गॉलम तेथे हजर होता. वर्षानुवर्षे केलेल्या दयेच्या साध्या कृती ह्या एका क्षणी एकवटल्या आणि ज्याचे नाव कथेत कोणी उच्चारीत नाही त्याने त्यांचा उपयोग करून घेतला. ही ईश्वरी योजना होय. माणसाने आपली शक्ती संपेपर्यंत चालावे. शक्ती संपते तेथे कृपा उभी असते.

हा शेवट काही वाचकांना मुळीच रुचला नाही. फ्रोडोचा गौरव कसला करता, देशद्रोही म्हणून त्याला देहदंड द्यायला हवा होता, असे संतप्त पत्र टॉल्किन ह्यांना एका वाचकाने पाठविले होते. त्यांनी आपल्या पत्रांतून दिलेले स्पष्टीकरण धर्मशास्त्राच्या दृष्टीने मननीय आहे. काही प्रसंगी माणसावर येणारा भार त्याच्या शक्तीपलीकडचा असतो. तेथे त्याच्या अपयशाला नैतिक अपराध म्हणता येत नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मोहाविषयी आणि क्षमेविषयी आपण जे मागतो, त्याचा संदर्भ त्यांनी स्वतःच ह्या प्रसंगाला दिला आहे. इतरांना क्षमा करणाऱ्या फ्रोडोला त्याच्या पतनाच्या क्षणी क्षमा लाभली. अनाथ मुलाने बर्मिंगहॅमच्या धर्मगुरूकडून घेतलेला धडा येथे फळास आला, असे आम्हांला वाटते.

टॉल्किन ह्यांचे साहित्य कॅथॉलिक आहे काय, ह्याचे उत्तर आता देता येईल. आपला ग्रंथ मुळातच धार्मिक आणि कॅथॉलिक आहे, आरंभी नकळत पण पुनर्लेखनात जाणूनबुजून, असे त्यांनी १९५३ साली रॉबर्ट मरे ह्या येशूसंघीय स्नेह्याला कळविले होते. तरीही त्या कथेत चर्च नाही, वेदी नाही, ख्रिस्ताचे नाव नाही. येथे मराठी वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची आठवण होईल. तेही इंग्लंडचेच. त्यांनी १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात ख्रिस्तकथेला मराठी ओवीचे वस्त्र नेसविले. टॉल्किन ह्यांनी उलट मार्ग धरला. ख्रिस्ताचे नाव न घेता त्याच्या करुणेचा नियम त्यांनी एका परक्या जगात लागू केला. दोन्ही मार्ग साहित्याचेच आहेत.

म्हणून प्रत्येक पात्रामागे बायबलमधील व्यक्ती शोधण्याचा उद्योग करू नये. टॉल्किन ह्यांना रूपककथेचा तिटकारा होता, हे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. प्रतिध्वनी मात्र ऐकू येतात. फ्रोडो आणि त्याचे साथी २५ डिसेंबरला निघतात आणि अंगठी २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला निरोप दिल्याच्या सणादिवशी, नष्ट होते. 'लेम्बास' ही पानांत गुंडाळलेली वाटेची शिदोरी उपाशी पोटी खाल्ल्यास अधिक बळ देते. तिच्यात ख्रिस्तप्रसादाची आठवण आहे. सौंदर्याविषयीची आपली सारी समज धन्य कुमारी मरियेवर आधारलेली असल्याचे त्यांनी मरे ह्यांना लिहिले. गॅलाड्रिएल ही राणी वाचताना ते पटते. १९४१ साली त्यांनी आपल्या मुलाला, जगात प्रेम करण्याजोगी एकच थोर गोष्ट म्हणजे पवित्र साक्रामेंत, असे कळविले होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२३ च्या नाताळच्या रात्रीच्या मिस्सेतील प्रवचनात ह्याच पत्राचा उल्लेख केला.

ह्या साहित्यात उणिवा नाहीत असे नाही. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन ह्यांनी १९५६ साली 'द नेशन' नियतकालिकात ह्या ग्रंथाला बालिश ठरविले. तो निवाडा आम्हांला मान्य नाही. परंतु ग्रंथ काही ठिकाणी फार लांबतो आणि स्त्री-पात्रे मोजकीच आहेत, हे मान्य करावे लागते. अधिक गंभीर प्रश्न ऑर्क नामक प्राण्यांचा आहे. साउरॉनच्या सैन्यातील ह्या कुरूप जमातीला कथेत कोणीच क्षमा करीत नाही. ते शेकड्यांनी मारले जातात. ज्या ग्रंथाचा आत्मा दया आहे त्यात एक संपूर्ण जमात दयेच्या बाहेर कशी? ऑक्सफर्डमधील एका कॅथॉलिक पुस्तकविक्रेत्याने टॉल्किन ह्यांना अशाच काही धर्मशास्त्रीय शंका विचारल्या होत्या. त्याला लिहिलेल्या, पण न धाडलेल्या पत्रात ते म्हणतात की, ऑर्क उद्धारापलीकडचे आहेत असे म्हणणे अतिरेकाचे होईल. कारण देवाने ज्याचे अस्तित्व मान्य केले ते त्याच्या मुळात चांगल्या असलेल्या सृष्टीचा भाग होते. हा विचार योग्य आहे, पण तो पत्रात राहिला, कथेत उतरला नाही. ह्या जागी कलावंत मागे पडला, असे आम्हांला प्रांजळपणे वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विजयानंतर सर्व काही गोड झाले, असा खोटा दिलासा टॉल्किन देत नाहीत. फ्रोडो घरी परततो; गावावर कब्जा करून बसलेल्या गुंडांना हाकलताना शक्यतो कोणाचा जीव जाऊ नये म्हणून धडपडतो; पण स्वतः मात्र बरा होत नाही. जखमा झाल्या त्या तारखा उजाडल्या की तो दरवर्षी आजारी पडतो. गाव त्याला फारसे विचारीत नाही. शेवटी तो समुद्रापलीकडे निघून जातो. सोमहून परतलेल्या तरुणानेच हे लिहावे. क्षमा मिळते, तरी व्रण राहतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही ते होतेच.

ज्यांना हजारभर पाने वाचण्याची सवड नाही त्यांना आम्ही 'लीफ बाय निगल' ही छोटी कथा सुचवितो. ती १९४५ च्या जानेवारीत 'डब्लिन रिव्ह्यू' ह्या १८३६ साली सुरू झालेल्या कॅथॉलिक त्रैमासिकात प्रसिद्ध झाली. निगल हा सामान्य चित्रकार एक भव्य वृक्ष रंगवीत आहे. पण त्याला एकेक पान रेखाटण्यातच वेळ पुरत नाही. त्यात शेजारचा लंगडा माणूस सतत व्यत्यय आणतो. त्या शेजाऱ्याचे नावच 'पॅरिश', म्हणजे धर्मग्राम! कुरकुरत का होईना, निगल त्याच्या आजारी बायकोसाठी भर पावसात सायकलवरून डॉक्टरला बोलवायला जातो, स्वतः आजारी पडतो आणि चित्र अपुरे असतानाच त्याला प्रवासाला न्यायला माणूस येतो. पुढे शुद्धीस्थानासारख्या जागी दोन आवाज त्याचा निवाडा करतात. त्याच्या बाजूने पारड्यात पडते ती चित्रकला नव्हे, तर ती भिजलेली सायकलफेरी. आणि मग तो पाहतो : त्याचा वृक्ष प्रत्यक्ष उभा आहे, पूर्ण, सजीव. त्याच्या सान्निध्यात बाग करायला शेजारी पॅरिशही येतो. स्वतःचा महाग्रंथ अपुरा असताना टॉल्किन ह्यांनी लिहिलेली ही कथा प्रत्येक कुटुंबवत्सल माणसाने वाचावी. घरातील आजारपणे, शेजाऱ्यांची कामे, धर्मग्रामाच्या सभा ह्यांत आपले 'खरे काम' राहून गेले असे ज्यांना वाटते, त्यांना तिच्यात मोठा धीर मिळेल.

पालकांच्या भीतीकडे परत येताना आमचे उत्तर असे : मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षी 'द हॉबिट' खुशाल द्यावा आणि मोठी झाल्यावर मोठा ग्रंथ. ह्या ग्रंथात सत्तेची जादू मोहात पाडते आणि तिच्यापासून सावध राहण्याचा धडा पानोपानी मिळतो. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची व्याख्या पाठ येते. तिची किंमत किती आणि तिचे फळ केव्हा, हे त्यांना गॉलमकडून कळेल.

टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी निवर्तले. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत, कॅथॉलिकांच्या विभागात, एडिथच्या शेजारी ते विसावले आहेत. त्यांच्या ग्रंथाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न मात्र मिटत नाही. दारू सोडण्याची शपथ घेऊन वर्षभर टिकलेला आणि मग एका लग्नात घसरलेला भाऊ, संसार टिकविण्यासाठी झटून अखेर माहेरी परतलेली बहीण, व्रत घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आलेला मुलगा. हे सारे आपल्या धर्मग्रामातले फ्रोडो होत. ते शेवटच्या पायरीवर हरलेले दिसतात. ते तिथवर किती ओझे वाहून पोहोचले, हे आपण पाहिलेले नसते. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभे राहायचे की बिल्बोच्या, हे आपल्याला ठरवावे लागेल. आणि त्या निर्णयावर कदाचित आपल्याही सुटकेची वाट अवलंबून असेल.